'अळवावरचे पाणी' : प्रतिमेचे दुसरे अंग

'अळवावरचे पाणी' हा वाक्प्रचार मराठीत क्षणभंगुरतेचा वाचक मानला जातो. परंतु थेंबाचे निसटणे हे त्याच्या दुबळेपणाचे लक्षण नव्हे. २०° से. तापमानास पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७३ मिलिन्यूटन, तर अल्कोहोलचा सुमारे २२ असतो. पाण्याचे रेणू हायड्रोजन-बंधांनी परस्परांस घट्ट धरतात; पानावरील मेणचट, सूक्ष्म खडबडीत थर त्यांना ओढून घेऊ शकत नाही. म्हणून थेंब गोल राहतो व घरंगळतो. याच बंधांच्या मोकळ्या रचनेमुळे पाण्याची घनता ४° से.ला सर्वाधिक असते व ते गोठताना प्रसरण पावते. वितळलेले सिलिकॉनही गोठताना असेच फुगते. सारांश, या प्रतिमेत नश्वरतेइतकीच अलिप्तताही आहे, आणि त्या अलिप्ततेचे मूळ आतल्या एकजुटीत आहे. अर्थनिर्णय करताना हे अंग दृष्टीआड होऊ नये.