बॅरन बेट : दीड शतकाची झोप

भूगोलाच्या चाचणीत मी लिहिले होते, ‘जो ज्वालामुखी शंभर वर्षे जागा झालेला नाही, तो मृत.’ सरांनी गुण दिला नाही. समासात लाल शाईने एकच शब्द लिहिला, ‘बॅरन?’ त्या एका शब्दापायी माझे दोन रविवार वाचनालयात गेले.

बॅरन बेट अंदमान समुद्रात, पोर्ट ब्लेअरच्या (आताचे श्री विजय पुरम) ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरवर आहे. रुंदी जेमतेम तीन किलोमीटर, उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास. पण हे फक्त टोक आहे. समुद्राच्या तळापासून मोजले, तर त्याच्या खाली आणखी दोन हजार मीटरहून जास्त डोंगर पाण्यात बुडालेला आहे.

बेटाचा आकार समजण्यासाठी एक परात घ्या, तिचा काठ पश्चिमेकडे तुटलेला आहे असे समजा आणि मधोमध एक वाटी उपडी ठेवा. परातीचा काठ म्हणजे जुन्या, खचून गेलेल्या ज्वालामुखीची भिंत. वाटी म्हणजे नंतर तयार झालेला शंकू. लाव्हारस तुटलेल्या बाजूने वाहत समुद्रात जातो.

इथला खडक मुख्यतः बेसॉल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचाच भाऊबंद. मी आधी समजत होतो की दोघांचे कारणही एकच असेल. तसे नाही. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पसरला. बॅरनखाली मात्र भारतीय भूपट्ट शेजारच्या बर्मी भूपट्टाखाली सरकतो आहे. समुद्रतळाचा भिजलेला खडक खोल गेला की त्यातले पाणी बाहेर पडते आणि वरच्या तापलेल्या खडकात शिरते. पाणी मिसळले की खडक कमी तापमानालाच वितळू लागतो. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये मीठ टाकल्यावर बर्फ लवकर वितळतो, तसेच काहीसे. हा शिलारस हलका असल्यामुळे वर चढतो.

आता माझ्या चुकीकडे येतो. या बेटाच्या उद्रेकाची पहिली नोंद १७८७ सालची आहे. पुढे १७८९, १७९५ आणि १८०३-०४ मध्येही उद्रेक झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर मात्र सगळे शांत झाले. १८८४ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मॅलेट आणि त्यांच्यासोबत कॅप्टन हॉबडे यांनी बेटाची पाहणी करून नकाशा तयार केला. तेव्हा लाव्हा नव्हता, पण किनाऱ्यावर गरम पाण्याचा झरा होता आणि शंकूच्या माथ्यावर गंधक साठले होते. म्हणजे चूल विझली नव्हती, राखेखाली निखारा होता. माझ्या व्याख्येत त्या झऱ्याला जागाच नव्हती, मी फक्त वर्षे मोजत होतो.

१९९१ मध्ये बॅरन जागा झाला. लाव्हा समुद्रापर्यंत पोहोचला आणि उद्रेक कित्येक महिने चालला. पुन्हा १९९४-९५ मध्ये, आणि २००५ पासून तर वारंवार. डिसेंबर २००४ च्या महाभूकंपानंतर पाचच महिन्यांनी २००५ चा उद्रेक सुरू झाला, पण एवढ्यावरून दोघांचा संबंध सिद्ध होत नाही, हेही सरांनी बजावले आहे.

मला सर्वात आवडलेला प्रसंग २०१७ चा. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ ‘सिंधू संकल्प’ जहाजावरून बेटाजवळ समुद्रतळाचे नमुने घेत होते. २३ जानेवारीला अचानक राख उडू लागली. दर खेपेला पाच-दहा मिनिटे उद्रेक होई. दिवसा फक्त राखेचे ढग दिसत, पण सूर्य मावळल्यावर लाल लाव्ह्याचे कारंजे दिसू लागले. २६ जानेवारीला आपण परेड करत होतो, तेव्हा ते जहाज पुन्हा तिथे हजर होते!

‘बॅरन’ म्हणजे ओसाड, तरी तिथे रानटी झालेल्या शेळ्या राहतात. त्या काय खाऊन जगतात, याचा शोध पुढच्या रविवारी.

बॅरनच्या उत्तरेला नारकोंडम नावाचे दुसरे ज्वालामुखी बेट आहे. ते दाट जंगलाने झाकलेले आहे, आणि तिथला धनेश पक्षी जगात दुसरीकडे आढळत नाही. माणसाने त्याचा उद्रेक पाहिल्याची नोंद नाही. त्याच्यापुढे ‘मृत’ लिहायचे की ‘निद्रिस्त’, असे मी सरांना विचारले. ते म्हणाले, “आधी तिथे गरम झरा आहे का, ते शोध.”