वैकुंठापाशी थांबून वाच

डही, जि. धार

चि. भाचीस,

तुझी यादी मिळाली. ऑगस्टीन, थॉमस अ केम्पिस, अविलाची तेरेसा. ख्रिस्ती धर्मचिंतनाचे मोठे ग्रंथ वर्षभरात वाचून काढायचे म्हणतेस. रोज हरिपाठ होणाऱ्या घरातली मुलगी हे मनापासून वाचायला निघाली, याचा मामाला फार आनंद झाला. पण यादीत एकही मराठी ग्रंथ नाही. एक तरी आधी घाल आणि सुरुवात तिथूनच कर.

इंग्लंडच्या विल्टशरमधला थॉमस स्टीफन्स हा जेझुइट ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्याला उतरला. पैठणला तेव्हा एकनाथ हयात होते. आत्म्याला किल्ल्याची उपमा देणारा तेरेसाचा ग्रंथ स्पेनमध्ये दोनच वर्षांपूर्वी लिहून झाला होता, आणि तोही लॅटिनमध्ये नव्हे, स्पॅनिशमध्ये. स्टीफन्सचं पुढचं बहुतेक आयुष्य गोव्यातल्या साष्टीत गेलं. १६१६ मध्ये राशोलला त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. दोन भाग, १०,९६२ ओव्या. अध्यायाला तो 'अवस्वरु' म्हणतो. देवनागरी खिळे पाडायला परवानगी मिळावी म्हणून त्याने १६०८ मध्ये रोमला पत्र लिहिलं होतं. ते काही जमलं नाही आणि मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापल्या गेल्या.

यातल्या मराठीच्या थोरवीच्या चार-सहा ओव्या शाळेपासून सगळ्यांच्या कानावर असतात. बहुतेकांचं ख्रिस्तपुराण तिथेच संपतं. तू तिथे थांबू नकोस.

ग्रंथाभोवतीची जखमही वाच. साष्टीत पोर्तुगीजांनी देवळं पाडली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी आणली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले. पुढे तिथल्या गावकारांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, बोलणी करायला म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावलं आणि त्यांनाही ठार केलं. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर आम्हाला दुसरं काही वाचायला द्या. हे बोलणं सोडून पुढे जाऊ नकोस. माणसाचं जवळचं काढून घेतल्यावर उरलेली भूक त्यात आहे. स्टीफन्सचं मराठीवरचं प्रेम खरं, आणि ती जबरदस्तीही खरी. एकासाठी दुसरं झाकायचं नाही.

आता मामाला खरं सांगायचं आहे ते. यातला एकच शब्द घे, 'वैकुंठ'. ख्रिस्ती स्वर्गाला स्टीफन्स हा शब्द वापरतो. ऐकणाऱ्याला तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. त्यात विष्णू होता, पण त्या ओवीतला देव विष्णू नव्हता. मग ऐकणाऱ्याच्या मनात नेमकं काय उमटलं असेल?

हाच प्रश्न तीनशे वर्षांनी पंडिता रमाबाईंपुढे आला आणि त्यांनी उलट वाट धरली. त्या पुराणिकाच्या लेक. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण सांगत, रमाबाईही लहानपणापासून सांगत. या शब्दांचं वजन त्यांना पुरतं माहीत होतं. म्हणून बायबल मराठीत आणताना जुन्या उपासनेचा वास असलेले, संस्कृताने जड झालेले शब्द त्यांनी टाळले आणि साध्या बायकांना कळेल अशी बोली घेतली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावला मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच बायका-मुली खिळे जुळवत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. परक्या धर्मातून आलेला स्टीफन्स वैकुंठ जवळ करतो आणि वैकुंठात वाढलेल्या रमाबाई असे शब्द बाजूला ठेवतात. मामाला रमाबाईंची वाट जास्त कठीण वाटते. तुझं मत वेगळं झालं तर जरूर कळव.

या दोघांपाशी महिना-दोन महिने जाऊ देत. मग नारायण वामन टिळकांचं 'ख्रिस्तायन' घे. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले तेव्हा ते अपुरं होतं. लग्न होऊन आल्यावर अक्षरं गिरवायला शिकलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. त्यानंतर ऑगस्टीनचे 'कन्फेशन्स' उघड. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर नासपती चोरल्या, त्याही भुकेपोटी नव्हे आणि बहुतेक डुकरांपुढे टाकल्या, एवढ्याशा गोष्टीपाशी तो किती पानं थांबतो ते बघ. तोवर तुलाही थांबायची सवय लागलेली असेल.

ख्रिस्तपुराणाची शांताराम बंडेलूंनी संपादलेली १९५६ ची देवनागरी आवृत्ती पुण्यात शोध. रोज वीस ओव्या, त्याही मोठ्याने. ओवी नुसती डोळ्यांनी वाचली की तिचा ताल हाती लागत नाही. अडेल तो शब्द वहीत एका पानावर एकटाच लिही आणि खाली रमाबाईंनी त्या जागी काय घातलं ते शोध. तुला हे अवघड जाणार नाही. डहीच्या हाटात भिलाली, निमाडी आणि हिंदी ऐकून घरी येऊन मराठी बोललेली मुलगी तू. एकाच वस्तूला चार नावं असली की प्रत्येक नावाबरोबर वस्तू थोडी वेगळी दिसते, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस.

भगोरियाला येशील तेव्हा वही आण. वैकुंठाचं पान आजीला वाचून दाखव. तिला त्या ओवीत काय ऐकू येतं, ते तिच्याच शब्दांत त्याच पानावर लिहून घ्यायचं आहे. जागा मोकळी ठेव.

तुझा मामा