मदात्ययातील ‘उपस्थाता’ : स्वमदत गटाची मीटिंग शोधण्याविषयी

पाटोदा परिसरातील वैद्यांस पुढील अनुभव नवा नाही. ऊसतोडीचा हंगाम संपवून कुटुंब गावी परतते आणि पत्नी पतीस दवाखान्यात घेऊन येते. अग्निमांद्य, अनिद्रा, हस्तकंप ही लक्षणे असतात. औषधाने काही दिवसांत अन्नाची रुची येते, झोप लागते. रुग्ण बरा झाला असे सर्वांस वाटते. पुढे मुकादमाकडून उचल हाती पडते, गाडी कारखान्याच्या दिशेने निघते आणि फडावर पुन्हा मद्यपान सुरू होते. येथे चिकित्सा चुकली असे नव्हे. ती अपुरी राहिली. अपुरे राहिलेले अंग कोणते व ते कसे मिळवावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

शास्त्रविचार

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील २४ वा अध्याय मदात्ययाचा आहे. मद्य सोडलेल्या मनुष्याने एकाएकी पुन्हा अतिमद्यपान केल्यास ध्वंसक व विक्षय हे विकार होतात, असे तेथे सांगितले आहे. मद्य सोडणे आणि सोडलेले टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आचार्यांनी जाणले होते. सूत्रस्थानाच्या ९ व्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी. उपस्थात्याच्या गुणांत उपचारज्ञता आणि रुग्णाविषयीचा अनुराग यांचा समावेश आहे. मदात्ययाच्या रुग्णाचा उपस्थाता कोण? पत्नी थकलेली, भाऊ रागावलेला आणि सोबती स्वतःच पिणारे. ज्याने या व्याधीतून स्वतः वाट काढली, त्याच्या ठायी हे दोन्ही गुण सहज आढळतात. स्वमदत गट म्हणजे अशा उपस्थात्यांचा समुदाय होय.

स्वमदत गटाचे स्वरूप

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (ए.ए.) या सहजीवनाचा प्रारंभ १९३५ मध्ये अमेरिकेतील अॅक्रन येथे झाला. बिल विल्सन हे शेअर दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक असे दोन मद्यासक्त परस्परांच्या आधाराने मद्यमुक्त राहिले. सदस्यत्वास शुल्क नाही. मद्य सोडण्याची इच्छा एवढीच अट. नाव गुप्त राहते. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉन हे स्वतंत्र गट आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत २७ अभ्यासांतील १०,५६५ व्यक्तींचा विचार झाला. रुग्णास ए.ए.शी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार अखंड मद्यमुक्तीसाठी इतर प्रस्थापित मानसोपचारांहून सरस ठरतात, असा तिचा निष्कर्ष आहे. आपल्याकडे डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या मुक्तांगणनेही उपचारोत्तर पाठपुराव्यास असेच महत्त्व दिले.

मीटिंग कशी शोधावी

१. जिल्हा रुग्णालयातील वा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचार विभागात, तसेच व्यसनमुक्ती केंद्रांत चौकशी करावी. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची शासकीय निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.
२. वार, वेळ, स्थळ आणि भाषा विचारावी. मीटिंग ‘खुली’ की ‘बंद’ हेही विचारावे. बंद मीटिंगला केवळ मद्य सोडू इच्छिणारेच बसतात, खुलीस नातेवाईक व वैद्यही जाऊ शकतात. ठिकाणे बदलत असल्याने निघण्यापूर्वी खात्री करावी.
३. नुसता पत्ता देऊन भागत नाही. दवाखान्यातूनच गटातील सदस्याशी रुग्णाचे बोलणे करून द्यावे. पहिल्या मीटिंगला कोणी सोबत जावे.
४. ऊसतोड कामगारासाठी दोन पत्ते हवेत : एक गावाजवळचा, दुसरा कारखान्याच्या परिसरातला. दुसरा पत्ता उचल घेण्यापूर्वीच शोधून द्यावा. तेथे मीटिंग नसेल, तर ऑनलाइन मीटिंग वा जुन्या सदस्याशी ठरावीक वेळी दूरध्वनी, हा मार्ग राहतो.
५. जवळ मीटिंगच नसेल, तर दोन-तीन मद्यमुक्त इच्छुकांनी एकत्र बसूनही ए.ए. गट सुरू होऊ शकतो. दवाखान्यातील एखादी खोली आठवड्यातून एक तास देणे वैद्यास कठीण नाही. मात्र गट सदस्यांचा असतो. वैद्याने तो चालवू नये.

सावधानता

रोज पुष्कळ पिणाऱ्याने मद्य एकाएकी थांबविल्यास पहिल्या दोन दिवसांत आक्षेपक, तर साधारण दोन ते चार दिवसांत भ्रम, प्रलाप व तीव्र कंप होऊ शकतात. ही प्राणघातक अवस्था असल्याने अशा रुग्णास प्रथम रुग्णालयात पाठवावे, मीटिंग त्यानंतर.

औषधालयाच्या मालकांसाठी विशेष सूचना अशी की, आसव-अरिष्टांत संधानजन्य मद्यांश सामान्यतः ५ ते १० टक्के असतो. मद्यमुक्त राहू पाहणाऱ्यास द्राक्षासव, दशमूलारिष्ट, किंबहुना मदात्ययात योजले जाणारे श्रीखंडासवही देऊ नये. क्वाथ, चूर्ण, वटी यांची योजना करावी. रुग्ण डायसल्फिराम घेत असेल, तर आसवाच्या मात्रेनेही तीव्र प्रतिक्रिया संभवते. ‘नकळत दारू सोडविणारी’ भुकटी दुकानात ठेवू नये; त्यात काय मिसळले आहे याची शाश्वती नसते, आणि रुग्णाच्या संमतीविना सत्त्वावजय संभवत नाही.

उपसंहार

मद्यपी पुन्हा प्यायला म्हणून त्याची निर्भर्त्सना करू नये. पुन्हा आलेल्या ज्वराच्या रुग्णास आपण परत पाठवीत नाही. व्यवस्थापत्रकावर औषधाखाली मीटिंगचा वार, वेळ व ठिकाण लिहावे, आणि पुढील भेटीत नाडी पाहण्यापूर्वी विचारावे, “मीटिंगला गेला होतात का?”