मुक्काम आरामाचा आहे, उतार नाही

इंदापूर,
गुढीपाडव्यानंतरचा रविवार

चि. मनू हिस,


तू पाठवलेलं सहलीचं पत्रक नीट वाचलं. ऑगस्टअखेर फ्रान्समधल्या शामोनीहून निघायचं, आठवडाभर मों ब्लांच्या भोवती चालायचं, सोबत गाईड, रोज रात्री हॉटेल, गरम पाण्याची आंघोळ, टेबलावर जेवण, आणि बॅगा गाडीतून परस्पर पुढच्या मुक्कामी. वहिनी फोनवर म्हणाली, "एवढी सोय आहे, तर तयारी कसली करायची?" जावईबापूंचं म्हणणंही कानावर आलं, की जिममध्ये पट्ट्यावर रोज पाच किलोमीटर होतातच. म्हणून पत्र जरा लांबणार आहे. दोघांनी मिळून वाचा.

सोयीला मी नावं ठेवणार नाही. पुण्यातल्या काही ट्रेकर मंडळींना तंबू आणि पाठीवर पंधरा किलो असल्याशिवाय डोंगर चढल्यासारखंच वाटत नाही. मला ते पटत नाही. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीवरून आमच्याकडं येते, तेव्हा दिंडीतला वारकरी तरी कुठं वळकटी डोक्यावर घेऊन चालतो? राहुट्या, शिधा, भांडी, अंथरूण-पांघरूण सगळं दिंडीच्या ट्रकमधून पुढं जातं. त्याच्या खांद्यावर पताका आणि फार तर एक पिशवी. मुक्कामी पोचेपर्यंत राहुटी उभी असते आणि भात शिजत असतो. तरीही ती वारीच. तेव्हा कोणी "हॉटेलात राहून कसला ट्रेक" म्हणालं, तर मनावर घेऊ नकोस.

पण पत्रकात खोल्यांचे फोटो पानभर आणि चालीबद्दल दोन ओळी. "रोज 5 ते 7 तास, मध्यम." यातून काही कळत नाही. किलोमीटर विचारूच नकोस, रोज किती मीटर चढायचं आणि किती मीटर उतरायचं ते विचार. मों ब्लांची पूर्ण प्रदक्षिणा सुमारे 170 किलोमीटरची आहे आणि तिच्यात मिळून दहा हजार मीटरच्या आसपास चढ आहे. निघालो तिथंच परत यायचं, म्हणजे उतारही तेवढाच. तुमच्यासारख्या गटाला काही टप्पे बसनं किंवा रोपवेनं पार करवतात, ते बरंच आहे. राहिलेल्यातला एकच दिवस सांगते. इटलीतल्या कुर्मायोरहून बस वर आर्नूवापर्यंत जाते. तिथून ग्रां कोल फेरे ही खिंड, उंची 2,537 मीटर. चढ पावणेआठशे मीटरचा. खिंडीत स्वित्झर्लंडची हद्द लागते आणि पुढं ला फुली गावापर्यंत नऊशे मीटरहून जास्त उतार. सिंहगड पायथ्यापासून साधारण सहाशे मीटर. म्हणजे सिंहगड सव्वापट चढायचा आणि दीडपट उतरायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बूट घालायचे.

हवा विरळ होईल, श्वास लागेल, याची वहिनीला काळजी आहे. तिला सांग, झोपायच्या जागा हजार ते सोळाशे मीटरवर आहेत, आपल्या कळसूबाईपेक्षाही खाली. खिंडी अडीच हजारांच्या आसपास, आणि तिथं थांबायचं ते डबा खाण्यापुरतं. हे लेह-लडाख नाही. व्हॉट्सॲपवर कोणी उंचीच्या गोळ्या सुचवल्या, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. खरी अडचण वेगळीच आहे. आपण सपाट मुलखातली माणसं. नीरा डाव्या कालव्याच्या भरावावर तू सकाळी चालतेस, ते दम वाढवायला छान. पण कालवा आखलाच आहे पाणी जेमतेम वाहील एवढ्या उतारावर. त्या वाटेवर तू वर्षभर चाललीस तरी गुडघ्याला डोंगर म्हणजे काय ते कळायचं नाही. जिमच्या पट्ट्याचंही तेच. जावईबापूंचा पट्टा चढवता येतो, उतरवता क्वचितच येतो.

चढताना दम लागतो, आपण थांबतो, पुन्हा निघतो. त्यात फसगत नाही. उतरताना दम लागत नाही, म्हणून माणूस गप्पा मारत झपाझप खाली येतो. त्या वेळी मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतो, आणि ताणला जात असतानाच जोर लावत असतो. त्यानं स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. ती त्या संध्याकाळी फारशी जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो तेव्हा कळतं. गंमत अशी, की याच स्नायूला एकदा असा उताराचा मार बसून तो बरा झाला, की पुढचे काही आठवडे तसाच उतार त्याला फार कमी त्रास देतो. म्हणून उताराची सवय इथूनच करून जायची. ती विमानतळावर विकत मिळत नाही.

आता कुठं करायची ते. ऑफिसच्या इमारतीत वर जायला लिफ्ट घेतलीस तरी चालेल, उतर मात्र जिन्यानं, हळू, पाऊल न आपटता. महिन्यातून दोनदा जेजुरी. पण गडाच्या पायऱ्यांवर थांबू नका, वर कडेपठारापर्यंत जा. शिखर शिंगणापूर फलटणवरून जवळ आहे. चैत्रात सासवडची भुतोजी तेल्याची कावड कोथळ्याच्या बाजूच्या मुंगी घाटानं वर चढवतात. माणसांची साखळी करून ती जड कावड खडकांवरून कशी नेतात ते एकदा डोळ्यांनी बघ. त्या दिवशी गर्दीत घाटात शिरू नकोस, पण नंतर एखाद्या सकाळी त्याच घाटानं चढून-उतरून ये. पायाखाली सुटे दगड असतील तेव्हा पाऊल कसं टाकायचं, हे पायऱ्यांवर शिकता येत नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र जे काही करायचं ते पहाटे. नऊनंतरच्या उन्हात बाहेर पडलात, तर तयारी राहील बाजूला आणि सलाईन लावायची वेळ येईल.

शनिवार-रविवार लागोपाठ चाला. एका दिवशी पंचवीस किलोमीटर चालून आठवडाभर पाय वर करून बसण्यापेक्षा, शनिवारी बारा आणि रविवारी दुखऱ्या पायांनी पुन्हा बारा, हे जास्त उपयोगाचं. लागोपाठ चालण्याची सगळ्यात चांगली परीक्षा तर तुमच्या घराबाहेरूनच जाते. आषाढात पालखी बारामतीत मुक्कामाला येते. दुसऱ्या दिवशी काटेवाडीत पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, पुढं बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, मग इंदापूर. अंतर पन्नासेक किलोमीटर, सगळं सपाट, डांबरी नाही तर सिमेंटचं. चढ-उतार शून्य. पण सलग दिवस चालल्यावर पावलांचं काय होतं, हे या रस्त्यासारखं दुसरं कोणी सांगत नाही. रजा टाक आणि दोघं चालत माझ्याकडं या. जे बूट आल्प्सला नेणार तेच घालून या.

वाटेत जुन्या माळकरी बायकांचे पाय बघ. सकाळी निघण्याआधी टाचांना तेल चोळलेलं, नखं बारीक कापलेली, विसाव्याला बसल्या की आधी पायताण काढून पाय मोकळे. आपण बसलो की आधी मोबाइल काढतो. फोड एकदम येत नाही. आधी त्या जागी गरम लागतं, चुरचुरतं. तेवढ्यात थांबून मोजा काढायचा, पाय कोरडा करायचा आणि त्या जागी चिकटपट्टी लावायची. "पुढच्या विसाव्याला बघू" म्हटलं की फोड आलाच समज. सुती मोजे घालू नकोस, घाम धरून ठेवतात. लोकरीचे पातळ घे. बूट अर्ध्या ते एक नंबरानं मोठे, आणि दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय फुगलेले असतात. उतारावर अंगठा पुढं आपटला तर नख काळं होतं, तेव्हा खाली उतरण्याआधी घोट्याजवळची नाडी घट्ट आवळायची. बूट मे महिन्यातच घ्या. निघायच्या आठवड्यात घेतलेल्या बुटांनी अशाच एका सहलीत माझ्या गटातल्या एका बाईंना तिसऱ्या दिवसापासून बॅगांच्या गाडीत बसवलं.

पावसाचं वेगळं सांगायला हवं, कारण आपण पर्जन्यछायेतले. भिजत चार-पाच तास चालण्याची आपल्याला सवयच नाही. तिकडं ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाट होतो, आणि खिंडीत वारा सुटला की अंग गारठतं. जुलैत एकदा भोरकडं रायरेश्वरला जाऊन भर पावसात चालून या. रेनकोट कुठून गळतो ते तिथं कळू दे. कपडे पातळ आणि एकावर एक: आत घाम सुकवणारा, मध्ये लोकरीचा किंवा फ्लीसचा, वर वारा-पाऊस अडवणारा. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही. बॅगा गाडीनं पुढं गेल्या म्हणजे पाठ मोकळी असं समजू नका. दिवसभर लागणारं सगळं तुमच्याजवळच हवं, कारण गाडी खिंडीत येत नाही. कोरडा मोज्यांचा जोड, टोपी, हातमोजे, दीड-दोन लिटर पाणी, गोळ्या, आणि पाळीच्या तारखा जवळ असोत-नसोत, त्याचं सामान. त्या उंचीवर झाडंही संपतात, आडोसा शोधावा लागतो. गाईड पुरुष असला तरी त्याला स्पष्ट सांगायचं, तो रोज हेच ऐकतो. दोन काठ्या घ्या आणि इथंच त्यांच्याबरोबर चालायला शिका. उतरताना त्या थोड्या लांब करायच्या. विमानात त्या मोठ्या बॅगेत टाका, हातात नेऊ देत नाहीत.

शाकाहारी आहात हे आत्ताच लेखी कळवा. चीज आणि बटाटे पुष्कळ मिळतील, चौथ्या दिवशी ठेच्याची आठवण येईल. शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि चिक्की न्या. पेढे, बर्फी, खवा घरीच ठेवा. युरोपात दुधाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात. व्हिसा तिन्ही देशांना मिळून एकच, शेंगेनचा. ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडं अर्ज. त्यासाठी किमान 30,000 युरोचा विमा लागतोच, पण तेवढ्यावर समाधान मानू नकोस. पॉलिसीत डोंगरातली चाल आणि हेलिकॉप्टरनं सुटका धरली आहे का, आणि किती उंचीपर्यंत, ते विचारून लेखी घे. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टर आलं तर बिल आपल्या नावावर येतं.

आणि गाईड. दिंडीत चोपदारांनी हात वर केला की हजार माणसं गप्प होतात, हे तू लहानपणापासून पाहिलंयस. तिथंही तसंच वागायचं. शामोनीच्या गाईडांची संस्था 1821 सालची आहे, आणि तिच्या जन्मामागं एक अपघात आहे. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. हामेल नावाच्या पाहुण्याची तुकडी मों ब्लांवर निघाली. हवा वाईट होती, तरी वर जाण्याचा आग्रह पाहुण्यांचा होता असं सांगतात. हिमलोट आला आणि तीन गाईड गेले. पाहुणे वाचले. तेव्हा गाईड म्हणाला की आज खिंड नको, खालून बसनं जाऊ, तर "आम्ही एवढे पैसे भरलेत" हे वाक्य जावईबापूंच्या तोंडून निघू देऊ नकोस. पहिला तास तो फार हळू चालवेल. तुम्हाला कंटाळा येईल. तरी त्याला मागं टाकून पुढं जायचं नाही. गुडघा दुखायला लागला तर सकाळीच सांगा, संध्याकाळी सांगून त्याला काही करता येत नाही.

कंपनीला आजच मेल कर: रोजचा चढ आणि उतार मीटरमध्ये, एका गाईडमागं किती माणसं, कोणत्या दिवशी मधूनच खाली उतरायची सोय आहे, आणि गाडीत जाणाऱ्या बॅगेचं वजन किती चालतं. आकडे आले की मला पाठव, त्यावरून मे-जूनचे शनिवार-रविवार ठरवू. पुढच्या रविवारी मी शिंगणापूरला निघणार आहे. पहाटे पाचला फलटणच्या स्टँडवर या. परतताना गाडी वर बोलावायची नाही, हे जावईबापूंना आधीच सांगून ठेव.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या