बोट दाखवतो का?

चि. सोनीस,


रविवारी वहिनींचा फोन आला आणि तुझ्या आत्याची झोप उडाली. तुझा छोटू १४ महिन्यांचा झाला, हाक मारली तर कधी वळतो, कधी नाही. मोबाइल समोर असल्याशिवाय घास गिळत नाही. आणि तुझ्या सासूबाई म्हणतात, आमच्या घरातले मुलगे उशिराच बोलतात. असेलही. तुझे बाबाही उशिरा बोलले आणि त्यानंतर आजवर गप्प बसलेले नाहीत, हे आत्याइतकं कोणाला ठाऊक! पण आत्याने बोलण्याचं विचारलंच नाही. तिने विचारलं, बोट दाखवतो का? वहिनींना सांगता येईना.

इतकी वर्षं बालवाडीत काढलेल्या बाईला हाच प्रश्न आधी सुचतो. मूल शब्दांच्या कितीतरी आधी बोलायला लागलेलं असतं. दीड-दोन महिन्यांचं झालं की माणसाकडे बघून हसतं. नवव्या-दहाव्या महिन्यात आई जिकडे बघते तिकडे बघू लागतं, हातातला चमचा पुढे करून दाखवतं, मग देतं, दिलेला परत मागतं. घे म्हणून हात वर करतं, टाटा करतं, बाप्पाला हात जोडतं. आणि वर्षाच्या आसपास ती चिमुकली तर्जनी बाहेर येते.

त्या तर्जनीचेही दोन प्रकार. संशोधक एलिझाबेथ बेट्स आणि तिच्या इटालियन सहकाऱ्यांनी रोममधल्या लहान मुलींचं निरीक्षण करून १९७५ साली हा फरक मांडला. एक बोट ‘ते मला हवंय’ म्हणणारं, दुसरं ‘ते बघ ना’ म्हणणारं. डब्यातल्या बिस्किटाकडे केलेलं बोट पहिलं. खिडकीतल्या कावळ्याकडे बोट करून मूल वळून तुझ्या तोंडाकडे पाहतं, ते दुसरं. त्याला कावळा नको असतो, तूही तो पाहावास एवढंच हवं असतं. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या तक्त्यात मागण्यासाठीचं बोट १५ महिन्यांना आणि दाखवण्यासाठीचं १८ महिन्यांना धरलंय. म्हणजे अजून वेळ आहे. पण वेळ आहे म्हणून कोणी बघायचंच नाही, असं होत नाही गं!

जाना आयव्हरसन आणि सुझन गोल्डिन-मेडो या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिलं, की मूल ज्या वस्तूकडे आधी बोट करतं, तिचं नाव बहुधा काही महिन्यांनी त्याच्या तोंडी येतं. कारण उघड आहे. त्याने पंख्याकडे बोट केलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, ‘पंखा! गरगर फिरतो!’ ज्या क्षणी त्याचं लक्ष पंख्यावर, त्याच क्षणी शब्द कानावर. मोबाइलमधलं गाणं त्याचं बोट कुठे आहे हे बघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय, एक वर्षाच्या मुलाला पडदा नकोच. तेव्हा जेवताना तो फोन बंद. चिऊ-काऊचा घास भरव, नाही खाल्लं तर दोन घास कमी खाईल.

रागावली आत्या, माहीत आहे. नोकरी करून, रात्री जागून हे सगळं सांभाळणारीला गावात बसून उपदेश करणं सोपं असतं. आत्याचीही नोकरी होती. तुझ्या आतेभावाने पहिलं बोट कशाकडे केलं, ते तिला संध्याकाळी शेजारच्या काकूंनी सांगितलं. गोठ्यातल्या वासराकडे, म्हणे. ते बघायचं राहून गेलं याची हळहळ अजून जात नाही. त्या वयात कोणी म्हणालं असतं की पोरगं काय दाखवतंय ते आज बघून घे, तर एखादी रजा नक्की टाकली असती.

म्हणून आता एवढंच कर. चार दिवस त्याच्याबरोबर जमिनीवर बस. बुवा कुक खेळ आणि मध्येच थांब. तो तुझ्याकडे बघून पुन्हा कर असं सुचवतो का, ते पाहा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बोट कर, तो तिकडे बघतो का? आणि स्वतः बोट दाखवतो का? हाकेचं मात्र पुढे ढकलू नकोस. या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि कानांची तपासणी मागून घे. कमी ऐकू येत असेल तर लवकर कळलेलं बरं, आणि कान ठीक असूनही डॉक्टरांना काही वाटलं तर उपचार लवकर सुरू होतात. थांबून बघू, असं कोणी म्हणालं तर आत्याचं नाव सांग. तुझ्या हातून काही चुकलंय म्हणून हे नाही; असल्या गोष्टी आईच्या नोकरीमुळे होत नसतात, हे पक्कं लक्षात ठेव.

एकटीने जायला धीर होत नसेल तर कळव, आत्या रात्रीच्या एसटीने निघेल. जावईबापूंना सांगावं लागणार नाही, स्टँडवरून रिक्षा करता येते तिला. आणि तू दुपारी वेळेवर जेवत जा. वहिनी म्हणाल्या, फार वाळली आहेस.

तुझी,
आत्या