प्रणयपटांतील मनोरुग्ण

वर्गांत चित्रपटांविषयीं बोलणें निघालें म्हणजे विद्यार्थी पुष्कळदां विचारतात कीं, प्रेमभंगानें माणसाला खरोखरच वेड लागतें काय, आणि लागलेंच तर नव्या प्रेमानें तें जातें काय? प्रश्न पोरवयाचा खरा. परंतु त्याच्या पाठीमागें एक गंभीर गैरसमज उभा आहे. म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करूं.

दिग्दर्शक असित सेन यांनीं १९५९ सालीं 'दीप ज्वेले जाइ' हा बंगाली बोलपट काढला, व सुमारें दहा वर्षांनीं तीच कथा 'खामोशी' या नांवानें हिंदींत आणली. हिंदी चित्रपटांत मनोरुग्णालयांतील एक वयोवृद्ध डॉक्टर राधा नांवाच्या परिचारिकेला सांगतात कीं, उन्माद झालेल्या तरुण रोग्याशीं तिनें प्रेमाचें नाटक करावें. रोगी बरा होऊन निघून जातो. राधेचें नाटक मात्र नाटक राहिलेलें नसतें. पुढें दुसऱ्या रोग्यासाठीं तिला पुन्हां तेंच काम करावें लागतें. तोहि बरा होतो, आणि राधेचेंच मन ढासळून ती त्याच रुग्णालयांत रोगी म्हणून कोंडली जाते. वहिदा रहमान यांनीं ही भूमिका इतक्या संयमानें केली आहे कीं, कथेंतील वैद्यक किती कच्चें आहे याचा प्रेक्षकाला विसर पडतो.

तें वैद्यक आपण विसरून चालणार नाहीं. उन्मादावर लिथियमच्या क्षारानें गुण येतो हें ऑस्ट्रेलियांतील डॉक्टर जॉन केड यांनीं १९४९ सालींच प्रसिद्ध केलें होतें. १९५२ सालीं पॅरिस येथें मनोरुग्णांना क्लोरप्रोमाझीन देण्यास आरंभ झाला. म्हणजे बंगाली बोलपट निघाला तेव्हां हीं दोन्ही औषधें ज्ञात होतीं. पडद्यावरील डॉक्टरांच्या औषधपेटींत मात्र एक तरुण परिचारिका! शिवाय प्रेमभंगाचा आघात हा अशा रोगाला फार तर निमित्त होतो. त्याच्या मुळाशीं बहुधा आनुवंशिक कल व मेंदूच्या व्यापारांतील बिघाड असतो. निमित्त दूर झालें म्हणून मूळ नाहींसें होत नाहीं.

१९७० च्या 'खिलौना' चित्रपटांत वेड्या मुलासाठीं घरचीं माणसें एका गाणारणीला पैसे देऊन बायको म्हणून आणतात; शुद्धीवर येतांच तो तिला ओळखीत नाहीं. दिवा लावावा तसें एका क्षणांत शहाणपण येतें, आणि सेवा करणारी व्यक्ति अंधारांत राहते. वास्तवांत हा रोग हळूहळू उतरतो, कधीं उलटतो, आणि बरें होणारा माणूस उशाशीं बसलेल्या माणसाला सहसा विसरत नाहीं.

हें सारें पडद्यापुरतें राहतें तर लेखणी उचलण्याचें कारण नव्हतें. परंतु आपल्याकडे मुलगा एकलकोंडा झाला, रात्र रात्र जागूं लागला, आपल्याशींच पुटपुटूं लागला, कीं चार वडीलधारीं माणसें सांगतात, "दोनाचे चार हात करून टाका, येईल ताळ्यावर." वधूपक्षाला कांहीं कळविलें जात नाहीं. नव्या सुनेच्या दृष्टीस पडूं नयेत म्हणून गोळ्या बंद होतात, रोग उलटतो, आणि मग तीच पांढऱ्या पायाची ठरते. राधेला निदान आपल्या रोग्याचा आजार ठाऊक होता.

मग प्रेमाचा मनोरुग्णाला कांहींच उपयोग नाहीं काय? याचें उत्तर एका खऱ्या चरित्रांत सांपडतें, आणि नवल असें कीं, त्या चरित्रावरील चित्रपटानें नेमका तोच भाग गाळला आहे. 'अ ब्यूटिफुल माइंड' (२००१) हा अमेरिकन चित्रपट गणिती जॉन नॅश यांच्यावर आहे. त्यांना स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, झाली होती. पडद्यावर पत्नी अ‍ॅलिशिया अखेरपर्यंत त्यांची पत्नी म्हणूनच राहते. प्रत्यक्षांत १९५७ सालीं झालेला हा विवाह १९६३ सालीं घटस्फोटानें संपला. चित्रपटांतील वृद्ध नॅश आपण नवीं औषधें घेतों असें सांगतात. खऱ्या नॅशनीं तीं १९७० नंतर घेतलीं नाहींत. हा बदल मला क्षम्य वाटतो, कारण औषधांवांचून सांवरणारे विरळा, आणि त्यांचें पाहून दुसऱ्या कोणी गोळ्या टाकल्या तर अनर्थ व्हावयाचा. घटस्फोट झांकणें मात्र क्षम्य वाटत नाहीं. कारण अ‍ॅलिशियांचा खरा मोठेपणा त्याच्या पुढेंच सुरू होतो. १९७० सालीं, कायद्यानें कसलेंहि नातें उरलें नसतां, त्यांनीं नॅशना आपल्या घरीं राहावयास घेतलें. प्रेमाचें नाटक नाहीं कीं बरें करण्याची प्रतिज्ञा नाहीं. राहावयाला जागा, जेवण आणि शांतता. नॅश प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आवारांत वर्षानुवर्षें हिंडत राहिले. भ्रम हळूहळू मागें हटले, तोंपर्यंत वीसएक वर्षें लोटलीं. १९९४ सालीं त्यांना अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि २००१ सालीं, चित्रपट लागण्यापूर्वीं कांहीं महिने, त्या दोघांनीं पुन्हां लग्न केलें.