चिकू-शेंगदाण्याची वडी : करण्याची रीत व घ्यावयाची दक्षता

ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांतून रोज पहाटेपासून नोकरदार मंडळी लोकल गाडीने मुंबईकडे निघतात. घाईमुळे पुष्कळांची न्याहरी राहून जाते आणि मुलांच्या डब्यातही विकतचे तळलेले पदार्थ जातात. दुसरीकडे, डहाणू-घोलवड भागात चिकूचे मोठे पीक येते. हा भाग १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. आता तो पालघर जिल्ह्यात मोडतो. येथील चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु चिकू पिकला म्हणजे दोन-तीन दिवसांतच उतरू लागतो. असे फळ वाया न घालविता सुकवून, शेंगदाणे, तीळ व गूळ यांसह त्याची वडी केल्यास बरोबर नेण्यास सोयीचा व पौष्टिक खाऊ घरीच तयार होतो.

वडी का बिघडते?

लोणावळ्याची चिक्की सर्वांच्या परिचयाची आहे. तीत ओलावा जवळजवळ नसतो, म्हणून ती टिकते. फळाच्या वडीची गोष्ट निराळी आहे. ताज्या चिकूत सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. फळ अर्धवट सुकले असेल तर तो ओलावा वडीत उतरतो व तीस बुरशी येते. शिवाय खाडीकाठची हवा दमट असल्याने गूळ बाहेरचा ओलावाही ओढून घेतो. यास्तव वडीचे यश पाकापेक्षाही फळ सुकविण्यावर अधिक अवलंबून आहे.

चिकू सुकविणे

पिकलेली परंतु घट्ट फळे स्वच्छ धुवून, साल व बिया काढून, पाव इंच जाडीच्या फोडी कराव्यात. त्या ताटात एकेरी पसरून वर मलमलीचे कापड बांधावे व दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवाव्यात. मधून मधून फोडी उलटाव्यात आणि रात्री ताटे घरात घ्यावीत. फोड चामड्याप्रमाणे वाकली व दाबली असता चिकट रस सुटला नाही, म्हणजे ती सुकली असे समजावे. नंतर फोडी काचेच्या बरणीत चार-पाच दिवस बंद ठेवाव्यात. झाकणाच्या आत पाण्याचे थेंब दिसल्यास फोडी पुन्हा उन्हात घालाव्यात.

शेंगदाण्यांची निवड

हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये. बुरशी आलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते व ते यकृतास अपाय करते. १९६० साली इंग्लंडमध्ये अशा दूषित भुईमूग पेंडीमुळे टर्की पक्षी मोठ्या संख्येने दगावले, तेव्हा या विषाचा शोध लागला. भाजल्याने ते पुरते नष्ट होत नाही. म्हणून सुरकुतलेले, काळपट, बुरसट व कडवट दाणे भाजण्यापूर्वीच वेचून टाकावेत. जनावरांसही घालू नयेत.

साहित्य व कृती

सुकविलेला चिकू १५० ग्रॅम, शेंगदाणे २५० ग्रॅम, तीळ १०० ग्रॅम, चिरलेला गूळ ३०० ग्रॅम, तूप दोन चमचे, थोडी वेलचीपूड व चिमूटभर मीठ घ्यावे.

१. दाणे मंद आचेवर खमंग भाजून, साले काढून, जाडसर कुटावेत. तीळ निराळे भाजावेत.

२. चिकूचे बारीक तुकडे करून कोरड्या कढईत दोन मिनिटे परतावेत.

३. गुळात दोन चमचे पाणी व तूप घालून पाक करावा. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकला असता त्याची घट्ट गोळी वळली, की पाक झाला. पाक कच्चा राहिल्यास वडी सुटते. फार पुढे गेल्यास ती दाताने तुटत नाही.

४. कढई उतरवून सर्व जिन्नस त्वरेने मिसळावेत. तूप लावलेल्या ताटात थापून, लाटण्याने सारखे करून, गरम असतानाच वड्या कापाव्यात.

या प्रमाणात सुमारे ३० वड्या होतात.

साठवण व इतर दक्षता

वड्या पूर्ण निवाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये लोणी-कागद घालून ठेवाव्यात. कोरड्या हवेत त्या दोन-तीन आठवडे टिकतात. पावसाळ्यात मात्र थोड्याच कराव्यात व आठवड्यात संपवाव्यात. बुरशीचा ठिपका दिसलेली वडी खरवडून न खाता टाकून द्यावी. अगदी लहान मुलांस दाण्याचे तुकडे घशात अडकण्याचा धोका असतो. त्यांना अशी वडी देऊ नये. गूळ ही साखरच असल्याने मधुमेही व्यक्तींनीही जपून खावे.

महिला बचत गटांस वड्या विकावयाच्या असल्यास २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याप्रमाणे नोंदणी करून घ्यावी. वेष्टनावर घटक व तयार केल्याची तारीख लिहावी. शेंगदाणे कित्येकांस बाधतात, म्हणून त्यांचा उल्लेख ठळक असावा.

प्रथम एकच घाणा करून चार वड्या डब्यात वेगळ्या ठेवाव्यात आणि पंधरा दिवसांनी त्यांची चव व वास पाहावा. त्या चांगल्या राहिल्या तरच पुढचे अधिक चिकू सुकविण्यास घ्यावेत.